रोजगार प्रशिक्षणावरचा सरकारी पैसा आणि त्यावरची देखरेख: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिवणकाम, वेल्डिंग, रुग्णसेवा, डेटा एंट्री. सरकारी खर्चाने चालणाऱ्या अशा प्रशिक्षणांबद्दल लोक जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. मी काही वर्षं प्रशिक्षण केंद्रांच्या तपासणीचं काम केलं. त्यामुळे पैसा जिथे गळतो, तिथे मी जरा जास्त वेळ थांबले आहे.

माणसं तयार करणं हे कंपन्यांचं काम नाही का? सरकारने त्यात पैसा का घालायचा?

कंपन्या शिकवतात, पण स्वतःपुरतं. एका कारखान्याने एखाद्या मुलाला दोन वर्षं खपून लेथ चालवायला शिकवलं आणि शेजारच्या कारखान्याने थोडा जास्त पगार देऊन त्याला उचललं, तर खर्च पहिल्याचा आणि फायदा दुसऱ्याचा. असं दोनचारदा झालं की पहिला कारखाना शिकवणं बंद करतो आणि 'अनुभवी पाहिजे' अशी जाहिरात देतो. सगळ्यांनीच तसं केलं तर अनुभव मिळायचा कुठे?

शिकणाऱ्याचीही अडचण असते. घर तारण ठेवून कर्ज मिळतं. उद्या हातात येणारं कसब तारण ठेवता येत नाही, म्हणून ज्याला प्रशिक्षणाची सगळ्यात जास्त गरज असते त्याच्याकडेच त्यासाठी पैसे नसतात. आणि एखादा उद्योग बसला की पंचेचाळिशीतली माणसं एका दिवसात रस्त्यावर येतात. त्यांना नवीन काम शिकवायला कुठलाही खाजगी मालक स्वतःहून पुढे येत नाही.

हा पैसा येतो कुठून?

मुख्यतः तीन झरे आहेत.

पहिला म्हणजे सर्वसाधारण कर. अर्थसंकल्पात तरतूद होते आणि खात्याकडे जाते. हा पैसा दरवर्षी नव्याने मागावा लागतो. सरकार बदललं, तूट वाढली, की पहिली कात्री इथेच लागते, कारण प्रशिक्षण बंद झालं म्हणून कोणी मोर्चा काढत नाही.

दुसरा झरा उद्योगांकडून पगाराच्या प्रमाणात घेतलेल्या वर्गणीचा. ब्राझीलमध्ये १९४२ साली सेनाई ही प्रशिक्षण संस्था उभी राहिली ती याच पैशावर, आणि ती चालवतात उद्योजकांच्याच संघटना. सिंगापूरने १९७९ मध्ये असा निधी सुरू केला. ब्रिटनमध्ये एप्रिल २०१७ पासून ज्या मालकांचं वार्षिक पगारबिल ३० लाख पौंडांच्या वर आहे, त्यांच्याकडून वरच्या रकमेवर ०.५ टक्के उमेदवारी (अप्रेंटिसशिप) निधीसाठी घेतले जाऊ लागले. या पद्धतीचं बळ हे की पैसा वर्षानुवर्षं येत राहतो आणि ज्याचा पैसा तो लक्षही ठेवतो. पण मोठ्या कंपन्या आपली वर्गणी वसूल करायची म्हणून आधीच शिकलेल्या अधिकाऱ्यांच्या अभ्यासक्रमांवर ती खर्च करायला लागतात. ज्याच्यासाठी निधी काढला तो नवखा मुलगा दाराबाहेरच राहतो.

तिसरा झरा बेरोजगारी विम्याचा. नोकरी गेलेल्याला भत्ता देणारी यंत्रणाच त्याच्या प्रशिक्षणाचा खर्च उचलते. जर्मनीत बरंचसं फेरप्रशिक्षण असं चालतं. जिथे बहुतेक माणसं असंघटित कामात आहेत, त्या देशांत हा झरा जवळपास कोरडाच असतो.

सरकारच्या तिजोरीतून निघालेला पैसा केंद्रापर्यंत कसा पोचतो?

सरकारी संस्थेला थेट अनुदान, निविदा काढून खाजगी संस्थांना काम, शिकणाऱ्याच्या हातात व्हाउचर (फीऐवजी संस्थेला द्यायची सरकारी चिठ्ठी), किंवा उमेदवार (अप्रेंटिस) ठेवणाऱ्या मालकाला विद्यावेतनाची भरपाई. बहुतेक देशांत हे सगळं एकाच वेळी चालू असतं.

अमेरिकेत २०१४ च्या कायद्यानुसार केंद्र सरकारचा पैसा बेरोजगारी आणि गरिबीच्या सूत्राने राज्यांना मिळतो आणि राज्यांकडून स्थानिक मंडळांना. त्या मंडळांत उद्योगांच्या प्रतिनिधींचं बहुमत असावं लागतं. मंडळ स्वतः वर्ग भरवत नाही. पात्र संस्थांची यादी असते, त्यातून उमेदवार निवड करतो आणि त्याच्या नावाचे पैसे त्या संस्थेला जातात.

जर्मनीच्या दुहेरी पद्धतीत खर्चाची वाटणीच वेगळी आहे. कारखान्यातलं शिक्षण आणि उमेदवाराचं वेतन कंपनी देते, व्यवसाय शाळेचा खर्च राज्य उचलतं. दोघांचे हात अडकलेले असल्यामुळे दोघांनाही ते नीट चाललेलं हवं असतं.

हप्त्याहप्त्याने पैसे देतात म्हणजे काय?

केंद्राला सगळी रक्कम एकदम मिळत नाही. भारतात २०१५ साली केंद्र सरकारने कौशल्य योजनांसाठी जे सामायिक निकष आणले, त्यांत बॅच सुरू झाल्यावर ३० टक्के, उमेदवार परीक्षा पास होऊन प्रमाणपत्र मिळाल्यावर ५० टक्के आणि नोकरी लागल्याचा पुरावा दिल्यावर उरलेले २० टक्के अशी वाटणी होती.

हे आकडे वरवर वाचू नका. केंद्र चालवणाऱ्याच्या जागी बसून पाहा. शेवटचा हप्ता मिळवायचा तर मुलामुलींसाठी कंपन्या शोधायच्या, त्यांना तिथे न्यायचं, टिकवायचं, महिनोन्महिने पगारपत्रकं गोळा करायची. एवढं करून हातात २० टक्के. तोच वेळ नवीन बॅच भरण्यात घातला तर ३० आणि ५० मिळून ८० टक्के येतात. ज्याला पगार द्यायचे आहेत, भाडं भरायचं आहे, तो काय करेल? तो वाईट माणूस असायची गरज नाही. हप्त्यांची वाटणीच त्याला सांगत असते की माणसं भरा, परीक्षा पास करा आणि पुढच्या बॅचकडे वळा.

मग सगळे पैसे नोकरी लागल्यावरच का देत नाहीत?

हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो आणि प्रत्येक वेळी तो सोपा वाटतो.

पहिली अडचण रोकडीची. सहा महिने खिशातून खर्च करून मग बिल लावायचं हे मोठ्या संस्थेला जमतं. एखाद्या छोट्या गावात पंधरा मुलींना नर्सिंग सहायकाचं काम जीव ओतून शिकवणारी संस्था त्यात पहिल्या वर्षीच बुडते. मैदानात उरतात ते फक्त बँकेत पत असलेले.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. पैसे नोकरीवर अवलंबून असले की केंद्र अशाच माणसांना प्रवेश देतं ज्यांना नोकरी तशीही लागली असती. बारावी झालेला, शहराजवळ राहणारा, बोलायला चुणचुणीत मुलगा आत येतो. सहावीत शाळा सुटलेली, घरी लहान मूल असलेली बाई, अपंग माणूस, तुरुंगातून सुटून आलेला तरुण यांना 'पुढच्या बॅचला या' असं सांगितलं जातं. दुधावरची साय काढून घ्यायची आणि आकडा चांगला दाखवायचा. अमेरिकेत १९८२ च्या प्रशिक्षण कायद्याखाली स्थानिक यंत्रणांना नोकरीच्या टक्केवारीवर बक्षिसं मिळत, तेव्हा यावर बराच अभ्यास झाला. काही ठिकाणी उमेदवाराला नोकरी मिळण्याची चिन्हं दिसेपर्यंत त्याची औपचारिक नोंदणीच लांबवली जाई, आणि त्याचं नाव यादीतून कधी काढायचं हेही आकड्याच्या सोयीने ठरे. माणूस तोच, शिकवणं तेच. फक्त तारीख हलवली की निकाल सुधारत असे.

यातून वाट निघते. नेपाळमध्ये २००८ साली सुरू झालेल्या एम्प्लॉयमेंट फंडाने संस्थांना निकालावर पैसे दिले, पण सगळ्यांसाठी सारखे दिले नाहीत. ज्या गटाला काम मिळणं जास्त कठीण, उदाहरणार्थ दलित किंवा वंचित समाजातल्या स्त्रिया, त्या गटातल्या उमेदवारासाठी मोबदला जास्त. शिवाय तीन आणि सहा महिन्यांनी माणूस खरंच कमावतोय का, हे जाऊन तपासलं जाई. अमेरिकेतही आता उद्दिष्ट ठरवताना त्या भागातली बेरोजगारी आणि येणाऱ्या माणसांची परिस्थिती हिशेबात धरतात. माझ्या मते याला पर्याय नाही. कठीण माणसाला शिकवण्याचा दर जास्त ठेवला नाही, तर योजनेच्या कागदावर 'वंचितांसाठी' असं कितीही ठळक लिहा, वंचित बाहेरच राहणार.

त्यापेक्षा शिकणाऱ्याच्याच हातात व्हाउचर द्यावं. तो चांगली संस्था निवडेल, वाईट आपोआप बंद पडतील. बरोबर ना?

कल्पना मलाही आवडते. माणसाला स्वतःची वाट निवडता यावी, हे मोलाचं आहे. पण फाटक उघडं ठेवून व्हाउचर किंवा अनुदान वाटलं की काय होतं, ते तीन देशांनी अनुभवलं आहे.

इंग्लंडमध्ये सप्टेंबर २००० मध्ये प्रत्येकासाठी वैयक्तिक शिक्षण खाती सुरू झाली. शिकवणारी संस्था म्हणून नोंदणी करायला गुणवत्तेची चाळणी जवळपास नव्हतीच. माणसं जोडली जावीत म्हणून सगळं सोपं ठेवलं, आणि त्या सोपेपणाचा फायदा भामट्यांनी घेतला. लोकांचे खाते क्रमांक बाहेर विक्रीला निघाले. नोव्हेंबर २००१ मध्ये योजना घाईघाईने बंद करावी लागली. प्रामाणिक संस्था आणि अर्ध्या अभ्यासक्रमात असलेली माणसं, दोघंही अधांतरी लटकली.

फ्रान्समध्ये २०१९ पासून प्रत्येक कामगाराच्या प्रशिक्षण खात्यात दरवर्षी युरोमध्ये रक्कम जमा होऊ लागली. लगेच फोन सुरू झाले: 'तुमचे पैसे वाया जाणार आहेत, आत्ताच नोंदणी करा.' शेवटी डिसेंबर २०२२ मध्ये असे फोन आणि संदेश करण्यावर कायद्यानेच बंदी आणली आणि २०२४ पासून बहुतेकांना १०० युरो स्वतःच्या खिशातून भरावे लागू लागले. सिंगापूरसारख्या कडक देशातही २०१७ मध्ये नऊ कंपन्यांच्या आडून बनावट कागदपत्रं लावून प्रशिक्षण अनुदानाचे जवळपास ४ कोटी सिंगापूर डॉलर उचलले गेले.

व्हाउचर चालतं, पण यादीत शिरायचं दार अरुंद असावं लागतं आणि प्रत्येक संस्थेचे जुने निकाल शिकणाऱ्याला प्रवेशाआधी दिसावे लागतात. जर्मनीने २००३ पासून व्हाउचर दिलं, आणि तिथे संस्थेला बाहेरच्या तज्ज्ञ यंत्रणेकडून मान्यता घ्यावी लागते. निकालच दिसत नसतील तर माणूस निवड कशावर करणार? भिंतीवरच्या रंगावर आणि संगणकांच्या संख्येवर.

देखरेख करणारे नक्की कोण कोण असतात?

पैसे देणारं खातं, अभ्यासक्रम आणि प्रमाणपत्रांना मान्यता देणारी नियामक संस्था, परीक्षा घेणारी संस्था, लेखापरीक्षक आणि विधिमंडळ. भारतात नियामकाचं काम २०१८ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण आणि प्रशिक्षण परिषदेकडे आहे.

यातली एक गाठ घट्ट बांधलेली असावी: शिकवणारा आणि पास करणारा एक नसावा, आणि पास करणाऱ्याचं पोट शिकवणाऱ्यावर अवलंबून नसावं. जर्मनीत उमेदवाराची शेवटची परीक्षा व्यापार-उद्योग किंवा कारागिरांच्या चेंबरची समिती घेते. त्या समितीत मालकांचे, कामगारांचे प्रतिनिधी आणि व्यवसाय शाळेचा शिक्षक, असे तिघंही असतात. कच्च्या मुलाला पास केलं तर उद्या तोच आपल्या शेजारी मशीनवर उभा राहणार, हे त्यांतल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. याउलट परीक्षकाला गाडी पाठवणारं, चहा पाजणारं आणि पुढच्या महिन्यात पुन्हा बोलावणारं तेच केंद्र असेल, तर शंभरातले अठ्ठ्याण्णव पास झाल्याचं नवल कशाला?

तपासणीला गेल्यावर काय पाहायचं?

हजेरीपट सगळ्यात शेवटी. तो नेहमीच नीट असतो.

मी आधी भंगाराचा डबा बघायचे. वेल्डिंग शिकवलं जात असेल तर कोपऱ्यात वाकडेतिकडे जोड दिलेले पत्र्याचे तुकडे, संपलेल्या इलेक्ट्रोडची थोटकं, ठोकून काढलेल्या स्लॅगची (जोडावर जमणाऱ्या कडक थराची) चुरी असणारच. नवशिक्याचा पहिला जोड कधीच सरळ येत नाही. शिवणकामाच्या वर्गात चिंध्या, उसवलेले कॉलर, मोडक्या सुया दिसल्या पाहिजेत. एका केंद्रात वीस शिलाई मशीन रांगेत मांडलेली होती, झाकलेली, चकचकीत. मी एकीची बॉबिन काढली. आतला पॅकिंगचा तेलकट कागद तसाच होता. भिंतीवर तीन बॅचचे निरोपाचे फोटो होते.

दुसरी गोष्ट म्हणजे खरेदीची बिलं. साठ मुलांनी तीन महिने वेल्डिंग शिकलं असेल तर किती किलो इलेक्ट्रोड लागतील, याचा अंदाज कुठलाही फोरमन देईल. कच्चा माल विकत घेतलाच नसेल तर हात चालले कशावर?

तिसरं, प्रशिक्षकाला काही न विचारता एखाद्या मुलाला मशीनवर बसवायचं आणि 'काय काय शिकलास ते कर बरं' म्हणायचं. मुलं खोटं बोलू शकतात, पण हात खोटं बोलत नाहीत. सुई ओवताना, ग्राइंडर उचलताना चष्मा आपोआप डोळ्यांवर चढतो की नाही, यात सगळं कळतं.

बायोमेट्रिक हजेरीने हा प्रश्न सुटला असेल ना?

माणूस दारातून आत आला एवढंच अंगठ्याने सिद्ध होतं. पुढचे सहा तास तो काय करत होता, हे यंत्राला कळत नाही. खोटी नावं कमी झाली, हा फायदा खरा आहे. पण सिमेंटची पोती उचलून बोटांच्या रेषा झिजलेल्या मजुरांची हजेरी लागत नाही आणि त्यांचं नाव कटतं, तेही मी पाहिलं आहे. यंत्रासोबत हाताने नोंद करायची सोय आणि तिची पडताळणी, दोन्ही हवीत.

'आमचं ७० टक्के प्लेसमेंट' असं केंद्र सांगतं. त्यावर विश्वास ठेवावा का?

चार प्रश्न विचारा. ७० टक्के कशाचे: प्रवेश घेतलेल्यांचे, पूर्ण केलेल्यांचे की पास झालेल्यांचे? नोकरी शिकलेल्या कामातली की कुठलीही? किती दिवस टिकली? पगार किती?

एकदा आम्ही प्लेसमेंटच्या यादीतल्या मुलींना एकेक करून फोन लावले. यादीप्रमाणे सगळ्या एका मोठ्या कारखान्यात लागलेल्या होत्या, ऑफर लेटर फाइलला होती. एकीने फोन उचलला, मागे मूल रडत होतं. ती म्हणाली, "ताई, तीन दिवस गेले मी. रात्रीची पाळी होती. सुटल्यावर घरी यायला गाडीच नव्हती. चौथ्या दिवशी घरच्यांनी सोडलं नाही." केंद्राच्या कागदावर ती 'नोकरीत' होती आणि तिच्या नावाचा हप्ताही उचलला गेला होता. ऑफर लेटर खोटं नव्हतं. तिला शिकवलंही बरं होतं. पण पाळी कुठली, येणंजाणं कसं, हे तिला प्रवेशाच्या दिवशी कोणी विचारलंच नव्हतं, कारण हप्त्यासाठी ते विचारायची गरज नव्हती.

म्हणून मोजमाप उशिरा करावं. अमेरिकेच्या सध्याच्या कायद्यात प्रशिक्षण संपल्यानंतरच्या दुसऱ्या आणि पुन्हा चौथ्या तिमाहीत माणूस कामावर आहे का हे पाहतात, आणि दुसऱ्या तिमाहीतली मध्यगत (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी) कमाईही. हे आकडे प्रामुख्याने बेरोजगारी विम्यासाठी मालकांनी भरलेल्या वेतननोंदींतून येतात, केंद्राने जमवलेल्या पत्रांतून नव्हे. जिथे भविष्य निर्वाह निधी किंवा विम्याच्या नोंदी आहेत, तिथे हे जमण्यासारखं आहे. ज्यांनी स्वतःचं दुकान टाकलं किंवा घरून काम सुरू केलं, त्यांच्यासाठी मात्र नमुना काढून दारात जाण्यावाचून गत्यंतर नाही.

प्रशिक्षणानंतर लोकांची कमाई वाढली, म्हणजे योजना यशस्वी ना?

इथे भलेभले फसतात. माणूस प्रशिक्षणाला बहुधा तेव्हाच येतो, जेव्हा त्याची नोकरी नुकतीच सुटलेली असते. म्हणजे त्याची 'आधीची कमाई' आपण खड्ड्याच्या तळाशी मोजतो. त्यातून तो वर्षभरात थोडाबहुत वर येणारच होता, वर्गात बसला असता वा नसता. ऑर्ली ॲशेनफेल्टर या अर्थशास्त्रज्ञाने १९७८ मध्ये ही घसरण आकड्यांत दाखवली आणि आजही ती त्याच्या नावाने ओळखली जाते.

उपाय एकच: तशाच, पण प्रशिक्षण न मिळालेल्या माणसांशी तुलना. जागा कमी आणि अर्ज जास्त असतील तर सोडत काढावी. ज्यांचं नाव निघालं नाही, ते तुलनेचा गट होतात, आणि सोडतीत वशिलाही चालत नाही. कोलंबियात २००५ साली तरुणांच्या एका योजनेत असंच झालं. तीन महिने वर्ग आणि तीन महिने प्रत्यक्ष कंपनीत काम. सोडतीत नाव निघालेल्या स्त्रियांची कमाई न निघालेल्यांपेक्षा सुमारे २० टक्क्यांनी जास्त भरली. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या शेवटी १६ ठिकाणी सुमारे २०,००० माणसांवर असाच मोठा अभ्यास झाला. प्रौढांना माफक फायदा दिसला, शाळा सोडलेल्या तरुणांना जवळपास काहीच नाही. तो निकाल कटू होता, आणि त्यानंतर तरुणांच्या निधीला मोठी कात्री लागली. मला वाटतं तिथे चूक झाली. ती एक योजना चालत नाही, एवढंच कळलं होतं. तरुणांना काहीच चालत नाही, असं त्यातून कुठे सिद्ध झालं होतं?

मग एकूण ही प्रशिक्षणं उपयोगी आहेत की नाहीत?

आहेत, पण हळूहळू आणि सरसकट नाही. कार्ड, क्लुवे आणि वेबर या तीन अर्थशास्त्रज्ञांनी रोजगार आणि प्रशिक्षण कार्यक्रमांवरच्या जगभरच्या २०० हून अधिक अभ्यासांचे निकाल एकत्र पाहिले, २०१८ मध्ये ते प्रसिद्ध झालं. पहिल्या वर्षात परिणाम जवळपास शून्य, दोनतीन वर्षांनी तो दिसू लागतो. स्त्रियांना आणि दीर्घकाळ बेकार असलेल्यांना फायदा जास्त. विकसनशील देशांतल्या प्रयोगांचा अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड मॅकेन्झी यांनी २०१७ मध्ये घेतलेला आढावा आणखी थंड आहे: १०० जणांना प्रशिक्षण दिलं तर त्यामुळे नोकरी लागलेले जास्तीचे जेमतेम दोनतीन.

जे चालतं त्यात काही गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात. अभ्यासक्रम ठरवताना मालकही सोबत बसलेला होता. वर्गाला प्रत्यक्ष कामाची जोड होती. आणि प्रवासखर्च, पाळणाघर, पाळीची वेळ यांसारख्या बारीक गोष्टींसाठी पैसा राखून ठेवला होता. शेवटची बाब अंदाजपत्रकात 'अनावश्यक' म्हणून सगळ्यात आधी कापली जाते. फोनवरच्या त्या मुलीला फक्त तीच लागत होती.

एकाच कामासाठी इतक्या योजना का?

प्रत्येक खात्याला आपल्या माणसांसाठी स्वतःची हवी असते. अमेरिकेच्या सरकारी लेखापरीक्षकांनी २०११ मध्ये मोजलं, तर नऊ खात्यांत मिळून ४७ रोजगार आणि प्रशिक्षण कार्यक्रम निघाले, आणि बहुतेकांची कामं एकमेकांवर चढलेली. एकच केंद्र एकाच मुलाचं नाव दोन योजनांत लावून दोनदा पैसे उचलू शकतं ते यातूनच. सगळ्यांची उमेदवार नोंदणी एका जागी असेल तर हे दोन मिनिटांत सापडतं.

ऑडिट झालं म्हणजे तपासणी झाली, असं धरायचं का?

नाही. पैसा नियमाप्रमाणे गेला का, एवढंच ऑडिट सांगतं. उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला) वेळेवर जोडलेलं असतं आणि मशीनच्या बॉबिनमध्ये कागद असतो.

पण चांगलं ऑडिट हिशेबाच्या पलीकडे जाऊ शकतं. भारताच्या महालेखापरीक्षकांचा प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेवरचा अहवाल डिसेंबर २०२५ मध्ये संसदेत मांडला गेला. २०१५ ते २०२२ या काळातल्या ९५ लाखांहून अधिक उमेदवारांच्या नोंदींपैकी ९४ टक्क्यांहून अधिक नोंदींत बँक खात्याच्या रकान्यात शून्यं होती, काहीबाही लिहिलेलं होतं किंवा तो कोराच होता. एवढी साधी गोष्ट. ज्याचं खातं माहीत नाही त्याला पैसे दिले कसे, आणि माणूस ओळखायचा कसा? हा रकाना संगणकाने पहिल्याच दिवशी कोरा स्वीकारला नसता, तर इतक्या वर्षांनी शोधायची वेळ आली नसती.

देखरेख जास्त झाली तर कामच अडत नाही का?

अडतं. मी असे प्रशिक्षक पाहिले आहेत जे दिवसातले दोन तास फोटो काढून पोर्टलवर चढवण्यात घालवत. चारचार महिने बिल अडकलं की चांगला प्रशिक्षक पहिला सोडून जातो. त्यामुळे कागद कमी मागावेत, पण जे मागितलं ते खरंच वाचावं, अचानक भेटी वाढवाव्यात, आणि ज्या केंद्राचे निकाल सलग चांगले आहेत त्याचे पैसे लवकर सोडावेत.

मला प्रवेश घ्यायचा आहे. केंद्रात काय विचारू?

मागच्या बॅचच्या दोन मुलांचे फोन नंबर मागा आणि त्यांच्याशी घरून बोला, केंद्रात बसून नको. प्रमाणपत्र कोण देणार आणि त्यावर नियामकाची मान्यता आहे का, ते विचारा. प्रशिक्षकाने स्वतः ते काम किती वर्षं केलं आहे, ते विचारा. प्रत्यक्ष मशीनवर रोज किती वेळ मिळतो, तेही. सरकारी योजनेत प्रशिक्षण मोफत असेल तर 'फॉर्म फी', 'युनिफॉर्म डिपॉझिट' अशा नावांनी कोणी पैसे मागितले तर पावती मागा. मूळ कागदपत्रं कुणाच्या ताब्यात देऊ नका, झेरॉक्स पुरते.

गैरप्रकार दिसला तर तक्रार कुठे करू? माझं प्रमाणपत्र अडकवतील का?

ही भीती खरी आहे, आणि तिच्यामुळेच बहुतेक गोष्टी दडून राहतात. तक्रार केंद्रप्रमुखाच्या टेबलावरूनच जात असेल तर कोणीही करणार नाही. ज्या योजनेत तक्रारीचा क्रमांक थेट निधी देणाऱ्या खात्याचा आहे आणि प्रमाणपत्र वेगळी संस्था देते, तिथे केंद्राला तुमचं काही अडवता येत नाही. प्रवेशाच्या दिवशीच तो क्रमांक भिंतीवर आहे का बघा आणि फोनमध्ये उतरवून घ्या.

तक्रार लेखी करा, तारखा लिहा. कुठल्या दिवशी प्रशिक्षक आला नाही, कुठलं यंत्र बंद होतं, कोणत्या कागदावर कोरी सही घेतली, असं नेमकं. 'काहीच शिकवत नाहीत' या वाक्यावर कोणताही अधिकारी पुढे जाऊ शकत नाही. '१२ तारखेपासून गॅस सिलिंडर रिकामा आहे' या वाक्यावर तो दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन सिलिंडर उचलून पाहू शकतो.